आधीच्या बॅचचं यीस्ट पुढच्या बिअरला चालतं का? किती वेळा वापरता येतं?

चालतं. बेलाशक वापरा. मी एकच यीस्ट सलग सहा बॅच चालवलंय. याच मुद्द्यावरून दादाचं आणि माझं तीन वर्षं वाजलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं मिळून बिअर करायचो. चौथ्या बॅचच्या तळाशी बसलेला यीस्टचा गाळ मी निर्जंतुक केलेल्या बरणीत भरला, फ्रिजमध्ये ठेवला आणि दहा दिवसांनी त्यातला अर्धा पुढच्या वर्टात (म्हणजे बिअर व्हायच्या आधीच्या माल्टच्या गोड पाण्यात) ओतला. चार तासांत एअरलॉक, म्हणजे झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी, बुडबुडायला लागला. पण बाटल्या भरल्यावर पहिलीच उघडली तर अर्धी बिअर फेस होऊन टेबलावर, आणि उरलेली आंबट. दादा लगेच म्हणाला, "सांगत होतो ना, शिळं यीस्ट. म्युटेट झालं ते."

पुढच्या बॅचला त्याने कोरं पाकीट फोडलं. आंबवायची बादली तीच. ही बॅचही आंबट! तेव्हा म्हणे पाकीटच खराब निघालं.

मग मी बादलीची तोटी काढली. गरम पाण्यात बुडवून तिचा फिरता भाग ओढून वेगळा केला. आत, जिथे ब्रश कधीच पोचत नाही तिथे, तपकिरी बुळबुळीत थर होता आणि व्हिनेगरचा भपकारा आला. बरणीतलं उरलेलं यीस्ट एव्हाना दीड-दोन महिन्यांचं झालं होतं, म्हणून त्याचा स्टार्टर केला (थोड्या वर्टात आधी जागवून वाढवलं) आणि नव्या बादलीत वापरलं. बिअर एकदम स्वच्छ. दादाने चाखली, आवडली, पण चूक मान्य केली नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. 1883 साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत एमिल हान्सेन या शास्त्रज्ञाने हेच दाखवलं, की बिअर बिघडते ती यीस्टमध्ये जंगली यीस्ट घुसल्यामुळे. त्याने शुद्ध यीस्ट वेगळं केलं, आणि त्यानंतरही ब्रुअरीज एका बॅचचं यीस्ट पुढच्या बॅचला वापरतच आल्या आहेत. दर वेळी पाकीट फोडणं ही सावधगिरी नाही, तो तोटी न धुण्याचा बहाणा आहे.

20 लिटरच्या साध्या बिअरला साधारण 200 मिली घट्ट गाळ पुरतो, अख्खा तळ ओतू नका. गाळ पाण्याने धुत बसू नका. वरची बिअर तशीच राहू द्या, तिच्यातला आंबटपणा आणि अल्कोहोलच यीस्टला सांभाळतात. बरणीचं झाकण सैल ठेवा, नाहीतर गॅस साठून बरणी फुटेल. दोन आठवड्यांत वापरलंत तर उत्तम.

आणि हो, आंबण्याआधी वर्टाची घनता 1.070 च्या वर असलेल्या जड बिअरचं किंवा भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या बिअरचं यीस्ट घेऊ नका, ते थकलेलं असतं. बरणी उघडल्यावर वास खटकला तर सरळ ओतून द्या, तिथे हट्ट नको. घरी पाच-सहा वेळा पुरे.

तोटी मात्र दर बॅचला सुटी करून धुवा. दादा हे वाचत असेल तर त्याने स्वतःची आजच उघडून बघावी.