कृषी सल्ला : टेंभूचं पाणी, मोफत वीज आणि ऊस लावण्याचा प्रश्न

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आटपाडी आणि खानापूर भागातून गेल्या काही दिवसांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. एक, टेंभू उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवस सुटणारं कालव्याचं पाणी, मिळू लागलंय, तर तेल्या रोगाने बेजार झालेलं डाळिंब काढून ऊस लावावा का? दोन, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला बिलच येत नाही, मग ठिबकवर खर्च कशाला? तीन, सौर पंप घेतल्यावर रात्रपाळी आणि पाण्याची ओढाताण दोन्ही संपतील का? प्रश्न वेगळे दिसले तरी तिन्हींचं मूळ एक आहे. आपल्याकडे पाणी उताराने येत नाही, ते उचलावं लागतं. त्यामुळे शेतात पडणाऱ्या प्रत्येक लिटरमागे वीज खर्च झालेली असते.

आधी ऊस. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून उचललेलं पाणी पाच टप्प्यांत आपल्यापर्यंत चढतं. या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन उचलतं आणि १९ टक्के पाणीपट्टीतून आपल्याकडून घेतलं जातं. म्हणजे पाण्याची खरी किंमत आपल्या पावतीवर पूर्ण दिसत नाही. त्यात आवर्तन ठरावीक दिवसांचं असतं आणि दोन आवर्तनांमधल्या मे महिन्यात ऊस थांबत नाही. एक एकर उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत पाटाने ८० लाख ते १ कोटी लिटर पाणी जातं. मेच्या उन्हात ठिबकवरसुद्धा एकराला रोज सुमारे ३० हजार लिटर लागतं. मोठ्या डाळिंबाच्या ३०० झाडांना त्याच उन्हात १५ हजारांच्या आसपास पुरतं. कालव्याला पाणी नसेल तेव्हा हा फरक बोअरने भरून काढायचा असतो, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

म्हणून निर्णयाआधी बोअर मोजा. उन्हाळ्यात, सलग दोन तास मोटर चालल्यानंतर, २०० लिटरचं बॅरल किती सेकंदांत भरतं ते बघा. १०० सेकंद लागले तर तासाला ७,२०० लिटर, आठ तासांच्या लाइटीत साधारण ५७ हजार. एवढ्यावर मे महिन्यात दोन एकर ऊससुद्धा पूर्ण निघत नाही. पाच एकर लावला तर तीन एकर वाळताना बघावा लागेल. बॅरल अडीच-तीन मिनिटं घेत असेल, तर उसाचा विचार सोडून द्या, असं मी स्पष्ट सांगतो.

डाळिंब काढण्याआधी बहार, म्हणजे झाडाला फुलं आणायचा हंगाम, बदलून बघा. तेल्या दमट, पावसाळी हवेत फोफावतो. सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार धरला, तर फळं वाढतात ती कोरड्या थंडीत आणि रोगाचा जोर कमी राहतो. पूर्वी त्या काळात पाणी नसायचं म्हणून हा बहार अनेकांना झेपत नव्हता. टेंभूच्या पाण्याचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. मर रोगाने वाळू लागलेली झाडं मात्र मुळासकट काढून जाळा, त्या ओळीचं पाणी पुढच्या झाडांकडे वाहू देऊ नका.

आता मोफत विजेचा प्रश्न. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत आहे. बिल शून्य आलं म्हणून बोअरचं पाणी वर येत नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. भेग चुकली तर आणखी २०० फूट खाली जाऊनही धूळच निघते.

ठिबकचा हिशेब आकड्यात मांडतो, कारण यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पंप ४० टक्के कार्यक्षम धरला, तर ८० मीटर खोलीवरून पाटाने एक एकर उसाला ८० लाख लिटर द्यायला सुमारे ४,३५० युनिट जातात. ठिबकला दाब लागतो म्हणून आणखी २० मीटर धरा, पण पाणी ४५ लाख लिटरवर येतं आणि वीज ३,१०० युनिटच्या आत राहते. दोन्ही वाचतं. विहीर उथळ असेल, पाणी १५ मीटरवर असेल, तर मात्र उलटं होतं. पाटाने सुमारे ८२० युनिट, ठिबकने १,०७०. वीज थोडी जास्त जाते, पाणी ३५ लाख लिटर वाचतं. तिथेही मी ठिबकच घ्या म्हणेन, कारण मार्चनंतर विहिरीला लाइट नव्हे, पाणी कमी पडतं.

यात खताचाही भाग आहे. मोकाट पाण्याने युरियातलं नत्र मुळांच्या खाली धुऊन जातं. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, म्हणजे तीही वीजेसारखीच खर्ची पडलेली ऊर्जा. ठिबकमधून थोडा थोडा द्या. उसाचं पाचट (वाळलेली पानं) जाळू नका, सरीत पसरा. पाणी कधी द्यायचं हे वाराने ठरवू नका, वाफसा, म्हणजे मातीतली योग्य ओल, बघा. वीतभर खालची माती मुठीत दाबली, लाडू झाला पण तळहात ओला झाला नाही, तर अजून पाणी नको.

एक सवय बंद करा. रात्री लाइट येते म्हणून स्टार्टर ऑटोवर टाकून सगळे झोपतात. लाइट येताच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात, डीपी जळते आणि ऐन उन्हाळ्यात आठवडा कोरडा जातो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून पाळ्या ठरवा आणि प्रत्येक मोटरला कपॅसिटर लावा. आणखी एक, बोअरचं पाणी शेततळ्यात आणि तिथून पुन्हा ठिबकला, असं दोनदा उचलू नका. शेततळं आवर्तनाच्या पाण्याने भरा.

सौर पंपाबद्दल. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात एचपी. रात्रपाळी नक्की संपते आणि साप-विंचवाच्या भीतीतून सुटका होते, म्हणून मी अर्ज करायलाच सांगतो. पण ऊन आहे तोवर पंप चालू ठेवायची ओढ लागते. बॅरलच्या मोजणीत बोअर कमी पडत असेल, तर मोठा पंप मागू नका, तो कोरडा चालेल. अर्जात बोअरची खोली आणि उन्हाळ्यातली पाणीपातळी खरी लिहा, त्यावरच पंपाचा हेड, म्हणजे तो किती उंच पाणी उचलेल ते, ठरतो. पॅनेल आठवड्यातून एकदा सकाळी, तापण्याआधी, साध्या पाण्याने पुसा.

पुढच्या आवर्तनाआधी बॅरलची मोजणी करून सेकंद, बोअरची खोली आणि पिकाखालचं क्षेत्र कागदावर लिहून आपल्या गावच्या कृषी सहायकाकडे द्या. त्यावरून किती एकरांत काय बसेल ते आपण सोबत बसून ठरवू.