साइट चांगली की नुसती चकचकीत? पोरांचा प्रश्न टाकून बघा

प्रश्न (मुलगा, वय १६, धनकवडी): कधीकधी झोपेत चड्डी ओली होते. एका साइटवर लिहिलंय हा स्वप्नदोष आहे, ४० थेंब रक्तातून वीर्याचा १ थेंब बनतो, तीन महिन्यांचा कोर्स घ्या. घेऊ का?

नको रे, एक रुपयाही घालवू नकोस. वयात येताना हे होतं, कुणाला होतं कुणाला नाही, दोन्ही नॉर्मलच. वीर्य रक्त आटवून बनत नाही, वृषणातल्या शुक्रपेशी आणि प्रोस्टेट वगैरे ग्रंथींमधला द्रव मिळून बनतं आणि बनतच राहतं. मुळात त्या शब्दातच 'दोष' घालून ठेवलाय, अर्धी भीती तिथेच बसते. वर घाबरवायचं आणि खाली लगेच 'ऑर्डर करा'चं बटण, म्हणजे ते दुकान आहे, माहिती नव्हे. मात्र वृषणात अचानक जोरात दुखायला लागलं तर साइट बघत बसायचं नाही, घरी सांगून त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न (शिक्षक, हडपसर): नववी-दहावीसाठी आम्ही लैंगिक आरोग्याची साइट काढली. तीन महिन्यांत ५ हजार व्हिजिट्स आल्या. यशस्वी म्हणायची ना?

सर, एवढ्यावरून नाही म्हणता येणार. पान ५ हजार वेळा उघडलं इतकंच कळलं, पोरांना काय कळलं ते कुठे दिसतंय? मी शाळांत लैंगिक शिक्षणाच्या सेशनच्या आधी वर्गात चिठ्ठ्या गोळा करते, मागे एक चिठ्ठी आली, घड्या घालघालून नखाएवढी केलेली, आत पेन्सिलीने पुसट, 'पाळी दोन महिने आली नाही कोणाला सांगू'. हे वाक्य जसंच्या तसं तुमच्या सर्चमध्ये टाका, मग इंग्रजी अक्षरांतल्या मराठीतही टाका कारण पोरं तसंच टाइप करतात. बऱ्याच साइट्सवर गर्भाशयाचं सुंदर लेबल लावलेलं चित्र येतं आणि 'कोणाला सांगू' तसंच राहतं. मैत्री क्लिनिक (किशोरवयीन मुलामुलींसाठीचं सरकारी क्लिनिक), १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन), हे पहिल्याच स्क्रीनवर हवं. तातडीची गर्भनिरोधक गोळी असुरक्षित संबंधांनंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, पण एचआयव्ही ती रोखत नाही, हेही स्पष्ट हवं. आणि १८ च्या आतली संमती पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, धरली जात नाही, हे तर बहुतेक पोरांना माहीतच नसतं.

मोजायचंच तर साइट दाखवायच्या आधी आठ-दहा साधे प्रश्न विचारा, नावाशिवाय, आणि नंतर एकदम महिन्याने परत विचारा कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच आठवतं. साइट न दाखवलेल्या तुकडीलाही तेच विचारा. आणि प्लीज, लॅबमध्ये त्यांच्या पाठीमागे उभे राहू नका.

प्रश्न (आई, कोथरूड): मुलगी १३ ची. असं वाचून नको ते डोक्यात शिरेल का?

नाही हो ताई. नीट माहिती दिल्याने मुलं लवकर त्या वाटेला जातात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ही भीती जुनीच आहे, लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकातून असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे तर त्यांच्यावर खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. साइट आधी तुम्ही स्वतः वाचा, मग तिला द्या आणि फोन तिच्याकडे राहू द्या. तिने येऊन काही विचारलं तर 'हे कुठून कळलं तुला' असं पहिलं वाक्य तेवढं नको.