‘सीझन संपला की सांगू’

तीस वर्षे पंच म्हणून उन्हात उभा राहिलो. आता मडगावात मुलांना शिकवतो आणि महिन्यातून एकदा या सदरात पत्रांना उत्तरे देतो. कसोटी संघ हरला की पत्रांचा ढीग वाढतो आणि मजकूर तोच असतो: फॉर्म गेला, निवड चुकली, मॅच विकली, आमच्या गोंयचा कोणी का नाही. या वेळी मात्र त्या ढिगात एक वेगळे पत्र निघाले. इतर उत्तरे आखूड वाटली तर दोष त्या पत्राचा समजा.

प्रश्न : न्यूझीलंडविरुद्ध बंगळुरूत ४६ धावांत आपला संघ गारद. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्यात जिंकायला लागणाऱ्या १२४ धावाही झाल्या नाहीत. हे ठरवून केले, असा पुराव्यासकट मेसेज फिरतो आहे. खरे काय? (म्हापसा)

खरे नाही.

बरे, चार ओळी लिहितो, नाहीतर तुम्ही परत पत्र लिहाल. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूचा पहिला दिवस पावसात गेला, खेळपट्टी झाकलेली, वर ढग. अशात आपण नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. मॅट हेन्रीने पाच काढले, ओरूर्कने चार. कोलकात्यात खेळपट्टी बिघडलेली होती आणि आपण ९३ मध्ये आटोपलो. वाईट निर्णय आणि वाईट फलंदाजी हा गुन्हा नव्हे. तसा असता तर माझ्या क्लबातले निम्मे लोक कोलवाळच्या तुरुंगात असते.

आणि ‘पुरावा’ म्हणजे काय? २०१८ मध्ये एका परदेशी वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने काढलेला, कसोटी सामन्यांची नावे घेणारा माहितीपट दाखवला. आयसीसीने चौकशी केली आणि २०२१ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून प्रकरण मिटवले. कॅमेरा असलेल्यांची ही गत, तर तुमच्याकडे फिरत आलेल्या मेसेजची काय कथा? खरोखर काही हाती असेल तर ते बीसीसीआयच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाला द्या. नसेल तर पुढे ढकलू नका.

प्रश्न : फॉर्म जातो म्हणजे नेमके काय होते? कोहलीला अजून एक मालिका मिळायला हवी होती का? (फोंडा)

दुसऱ्याचे उत्तर आधी: त्याने स्वतःच मे २०२५ मध्ये कसोटी सोडली. १२३ कसोटी, ९,२३० धावा. जो गेला त्याला ओढून आणून खेळवता येत नाही.

पहिले जास्त रोचक आहे. फॉर्म हा शब्द आपण मलेरियासारखा वापरतो, आला आणि गेला. पण ऑस्ट्रेलियाच्या शेवटच्या दौऱ्यात कोहलीचे काय झाले पाहा. पर्थला नाबाद १००, आणि नऊ डावांत मिळून १९०. बाद होण्याची तऱ्हा तीच, ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूला बॅट लावायची आणि मागे झेल द्यायचा. एकदा झाले तर नशीब, पुन:पुन्हा झाले तर समोरच्या गोलंदाजांनी वाचलेला धडा. फॉर्म आपोआप परत येतो. ही सवय फलंदाजाला स्वतः मोडावी लागते, आणि पस्तिशीनंतर डोळा आणि पाय यांचे जुळायला वेळ लागतो. निवड समितीने कधी थांबवायचे हा प्रश्न म्हणूनच सरासरीचा कमी आणि बाद होण्याच्या तऱ्हेचा जास्त असतो. करुण नायरला हे उलट बाजूने भोवले. २०१६ मध्ये चेन्नईत नाबाद ३०३, मग थोड्याच कसोटींत बाहेर, आणि आठ वर्षांनी इंग्लंडमध्ये पुन्हा संधी. चार कसोटींत २०५ धावा. तो तोच नायर होता का? आठ वर्षे बाहेर ठेवून ‘सिद्ध कर’ म्हणणे मला बरोबर वाटत नाही. पण इंग्लंडमधल्या धावा कमी होत्या, हेही खरेच.

प्रश्न : स्नेहल कौठणकर आणि कश्यप बाकले यांनी रणजीत ६०६ ची अभेद्य भागीदारी केली. तरी भारतीय संघात नाव नाही. गोव्यावर अन्याय नाही का? (पणजी)

नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला ते घडले. स्नेहल नाबाद ३१४, कश्यप नाबाद ३००. मला दोघांचाही अभिमान आहे. पण तो प्लेट गट, म्हणजे रणजीतला दुबळ्या संघांचा खालचा गट होता आणि समोरचा अरुणाचल पहिल्या डावात ८४ ला आटोपलेला. त्यांनी मोडलेला रणजीचा विक्रम ५९४ चा होता, महाराष्ट्राच्या गुगळे आणि बावणे यांचा, तोही दिल्लीसारख्या संघाविरुद्ध. त्या दोघांपैकी कोणाला कसोटी मिळाली? कोणालाच नाही. भागीदारीने दार उघडत नाही. दोन-तीन मोसम वरच्या, एलिट गटात ढीगभर धावा केल्या तर ठोठावता येते.

प्रश्न : रणजीत बाहेरचे खेळाडू कशाला? आमच्या भुरग्यांनी (मुलांनी) काय करावे? (केपे)

बाहेरचे तीन घेण्याची मुभा बीसीसीआयच सगळ्या राज्यांना देते, गोव्याने शोधून काढलेली पळवाट नाही ती. डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्ध मुंबईहून आलेल्या अर्जुन तेंडुलकरने पदार्पणात १२० केल्या आणि दुसऱ्या टोकाला आपल्या सुयश प्रभुदेसाईने २१२. त्या दिवशी पत्र लिहून तक्रार करणारा मला कोणी भेटला नाही. तीन जागा भरल्यावर आठ उरतात. आठांत यायचे कसे हे मुलाच्या प्रशिक्षकाला विचारा.

आणि आपण स्वतः कोण? मडगावात जन्मलेला दिलीप सरदेसाई मुंबईला गेला म्हणूनच कसोटी खेळला. गोवा मुक्त व्हायच्या काही दिवस आधी, डिसेंबर १९६१ मध्ये कानपूरला त्याचे पदार्पण झाले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या त्याच्या ६४२ धावा आपण आजही आपल्याच म्हणून सांगतो. गोव्याचा रणजी संघ त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी, १९८५-८६ मध्ये उभा राहिला. मुंबईने तेव्हा ‘बाहेरचा’ म्हणून दार लावले असते तर?

प्रश्न : मुलगा २० वर्षांचा, २३ वर्षांखालील संभाव्य संघात आहे. इन्स्टाग्रामवर एका ‘चाहत्या’ने ओळख काढली, महागडी बॅट पाठवली. आता विचारतो, उद्याची विकेट (खेळपट्टी) कशी आहे, नवा चेंडू कोण टाकणार. मुलगा म्हणतो, मी काही सांगितले नाही. कोणाला तरी कळवू या म्हटले तर म्हणतो, ‘आई, मागीर सांगूंया, सीझन संपूं दी, आतां सांगल्यार म्हाका टीमींतल्यान काडटले.’ (नंतर सांगू, सीझन संपू दे, आता सांगितले तर मला संघातून काढतील.) त्याचे चुकते का? (एक आई, डिचोली)

चुकते. बाई, हे वाचून झाल्यावर पेपर बाजूला ठेवा आणि मुलाला समोर बसवा.

ती बॅट भेट नाही. १९९४ मध्ये कोलंबोच्या कॅसिनोत शेन वॉर्न पाच हजार डॉलर हरला. ‘जॉन’ नावाच्या एका चाहत्याने तेवढेच पैसे त्याला दिले. अट काही नाही, फक्त कौतुक. नंतर फोन आला: खेळपट्टी कशी आहे, हवा कशी आहे? मार्क वॉचेही तसेच झाले. ऑस्ट्रेलियन बोर्डाने दोघांना गुपचूप दंड केला आणि चार वर्षे दडवून ठेवले, १९९८ च्या डिसेंबरात ते फुटले. तेव्हा लोक म्हणाले, हवामानच तर सांगितले! आज नियम तसे म्हणत नाही. आतली माहिती देणे हा गुन्हा आहे, मग ती विकेटवर पाणी मारले की नाही इतकीच का असेना. मांडवीत दिव्यांनी लखलखणारी जहाजे रोज पाहणाऱ्या आपल्या पोरांना कॅसिनोची ही गोष्ट समजायला जड जाऊ नये.

‘पण तो लहान खेळाडू, त्याला कोण विचारतो?’ असे तुम्ही म्हणाल. लहान खेळाडूलाच विचारतात. मर्व्हिन वेस्टफील्ड हे नाव तुम्ही ऐकले नसेल. इंग्लंडमधला एसेक्सचा २१ वर्षांचा गोलंदाज, २००९ चा एक साधा काउंटी सामना. एका षटकात बारा धावा द्यायच्या, सहा हजार पौंड. त्याने दहाच दिल्या, तरी तुरुंगात गेला. २०१० मध्ये लॉर्ड्सवर पैशांसाठी मुद्दाम नोबॉल टाकला तेव्हा पाकिस्तानचा मोहम्मद आमीर १८ वर्षांचा होता. त्या नोबॉलबद्दल लोक मला अजून विचारतात, पाय इतका पुढे पडला तेव्हाच पंचांना कसे कळले नाही? पाय पुढे पडतातच. तो चेंडू नोबॉल असणार हे आदल्या दिवशी पैसे देणाऱ्याला ठाऊक होते, घोटाळा तिथे होता.

आता तुमच्या मुलाच्या ‘मागीर’बद्दल. शाकिब अल हसनने एकही सामना फिक्स केला नव्हता. बुकीने तीनदा विचारले, त्याने माहिती दिली नाही, फक्त कळवले नाही. २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी, त्यातले एक वर्ष स्थगित. झिम्बाब्वेचा ब्रेंडन टेलर प्रायोजकत्वाच्या बोलणीसाठी म्हणून भारतात आला, शेवटच्या रात्री त्याला कोकेन दिले, व्हिडिओ काढला आणि सकाळी खोलीत माणसे उभी. पंधरा हजार डॉलर हातात ठेवले. त्याने फिक्सिंग केले नाही. पण कळवायला चार महिने लावले. साडेतीन वर्षे बंदी. नियमाचे शब्द ‘अनावश्यक विलंब न करता’ असे आहेत. सीझन संपणे ही आवश्यकता नव्हे.

एवढे तळमळून लिहितो कारण मी स्वतः हे केले आहे. एका क्लब स्पर्धेत एक गृहस्थ चहा पाजून विचारायचे, पंचसाहेब, विकेटला पाणी मारले का? मी भाबडेपणाने सांगायचो. मग एके दिवशी पाकीट पुढे आले. मी ते घेतले नाही आणि आठ दिवस स्वतःवरच खूश होतो. नवव्या दिवशी आयोजकांना सांगितले, तोवर तो माणूस स्कोअररच्या टेबलापर्यंत पोचला होता. माझे आठ दिवस त्याला पुरले.

काय करावे: आजच मुलाने संघाच्या व्यवस्थापकाला आणि बीसीसीआयच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाला लेखी कळवावे. एकही मेसेज पुसू नये, स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, त्या माणसाला उत्तर देऊ नये आणि स्वतः सापळा लावायला जाऊ नये. बॅट परत पाठवू नका, तिचे काय करायचे ते विभाग सांगेल. बॅटीखेरीज पैसेही घेतले असतील तर आधी वकिलाला भेटा, पण आजच. कळवल्याबद्दल शिक्षा होते असा कलम मी कुठे वाचलेला नाही. न कळवल्याबद्दलचा वाचला आहे.

प्रश्न : फिक्सर सुटतात कसे? (मडगाव)

आपल्याकडे फिक्सिंगसाठी स्वतंत्र कायदा नाही म्हणून. २०१३ च्या आयपीएल प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयाने २०१५ मध्ये खेळाडूंना आरोपमुक्त केले. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने फिक्सिंग ही फसवणुकीच्या कलमात बसत नाही असे म्हटले. श्रीलंकेने २०१९ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा कायदा केला. बारकावे वकिलाला विचारा, मी पंच आहे.

प्रश्न : एका ग्रुपवर टिप येतात. सलग सहा बरोबर निघाल्या. सातवीसाठी पाच हजार मागतात. द्यावेत का? गोव्यात जुगार तर कायदेशीर आहे ना? (वास्को)

देऊ नका. हिशेब समजून घ्या. तो ६,४०० लोकांना पाठवतो, निम्म्यांना सांगतो अमका संघ जिंकेल, निम्म्यांना तमका. ज्यांचे चुकले त्यांना सोडतो. ३,२००, मग १,६००, असे सहा सामन्यांनंतर शंभर लोक उरतात, ज्यांना सलग सहा बरोबर आल्या. त्या शंभरांत तुम्ही आहात. त्याला क्रिकेट कळायची गरजच नाही, दोनाने भागता आले की झाले.

दुसरे, कॅसिनोला परवाना आहे, क्रिकेटच्या सट्ट्याला नाही. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायद्यानेच बंदी आणली. आयपीएल आली की किनारपट्टीवरच्या भाड्याच्या फ्लॅटांवर धाडी पडतात, त्या उगाच नव्हे. आधीच पैसे बुडाले असतील तर सायबर पोलिसांकडे जा. आणि लावल्याशिवाय राहवतच नसेल तर बांबोळीच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयात डॉक्टरांना भेटा. त्यांच्याकडे असे लोक येतात.

प्रश्न : एक एजंट म्हणतो, तीन लाखांत दुसऱ्या राज्याच्या १९ वर्षांखालील संघात घालतो. (पेडणे)

पोलिसांत जा. पैसे दिले असतील तर पावतीसकट.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. दोन महिने चेंडू बॅटला लागतच नाही. बॅट बदलू का? (काणकोण)

बॅट राहू दे. डोळे तपासून घ्या.