तलवार सापडली, पण चालवणार कोण?

प्रश्न : मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या, गोष्ट रंगवायच्या खेळाचा डीएम (खेळ चालवणारा) आहे, पार्टीत एक मंक (मुठींनी लढणारा), एक ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आणि एक वॉरलॉक (जादूगार), सगळे पाचव्या लेव्हलला. छापील अ‍ॅडव्हेंचर खेळतोय, त्याच्या खजिन्यात फ्लेम टंग ही पेटणारी जादूची तलवार आहे पण तलवार कोणीच वापरत नाही. विकू द्यावी की बदलावी? बदलली तर बॅलन्स जाईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बिनधास्त बदला हो! विकून सोन्याची नाणी येतील पण त्याने कोणाच्या टर्नला काही नवं करता येणार नाही, आणि मॅजिक आयटमची सगळी मजा तर तिथेच असते. तलवारीच्या जागी मंकसाठी हाताला गुंडाळायच्या पट्ट्या ठेवा, पेटल्या की मुठीतून ज्वाळा. वस्तू ज्या राजाची किंवा राक्षसाची होती ती गोष्ट तशीच राहू द्या.

बॅलन्सचं म्हणाल तर इथे खरंच थोडं गणित करावं लागतं. फ्लेम टंग प्रत्येक फटक्याला २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) जास्तीचं फायर डॅमेज देते, म्हणजे सरासरी ७. पाचव्या लेव्हलचा फायटर (शस्त्राने लढणारा) टर्नला दोनदा मारतो, दोन्ही लागले तर १४. मंक फ्लरी ऑफ ब्लोज (जास्तीचे दोन फटके) वापरून चारदा मारतो, त्याला तेच २डी६ दिलं तर २८ होतात आणि बाकीचे दोघं नुसते बघत बसतील. म्हणून पट्ट्यांना १डी६ ठेवा, चार फटक्यांचे परत १४च. पेटवायला बोनस अ‍ॅक्शन लागते (टर्नला एकदाच मिळणारी जास्तीची कृती), ती मात्र काढू नका, फ्लरीलाही तीच लागते त्यामुळे पेटवायच्या टर्नला फ्लरी नाही, आणि हे मला फार आवडतं कारण खेळाडूला दरवेळी विचार करावा लागतो. तलवार म्यान केली की विझते, मुठी म्यान कशा करणार, तर मंक बेशुद्ध पडला की विझतील असं आधीच सांगून ठेवा.

ड्रुइडला द्यायचं असेल तर जपून. वाइल्ड शेपमध्ये, म्हणजे प्राण्याचं रूप घेतल्यावर, अंगातली वस्तू शरीरात मिसळली की तिचा काही उपयोग होत नाही, आणि या लेव्हलला प्राण्याच्या रूपात स्पेलही टाकता येत नाहीत, म्हणजे कांडी दिलीत तर अर्धा वेळ वाया. लांडग्याच्याही गळ्यात राहील असा पट्टा द्या. वॉरलॉकला विचारा तुला काय हवंय, पुढच्या खजिन्यात बघू.

प्रश्न : आमच्या फायटरच्या तीन अट्यूनमेंट (जादूच्या वस्तूशी जोडून घ्यायच्या जागा, तीनच असतात) भरल्यात, आता नवीन काय देऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चौथी जागा देऊ नका, ती मर्यादा कामाची आहे. त्याची आवडती +१ तलवार (फासा आणि डॅमेज दोन्हीत १ जास्त) एखाद्या मोठ्या लढाईनंतर +२ होऊ दे, साध्या +१, +२ शस्त्राला अट्यूनमेंट लागतच नाही. फक्त दुर्मिळतेचा दर्जा अनकॉमनवरून रेअर होतो, तेव्हा त्या वेळच्या खजिन्यातली एक रेअर वस्तू कमी करा.