वाचकांचे प्रश्न : पाळी गेल्यावरचे हॉर्मोन आणि रक्ताची गुठळी

प्रश्न : माझे वय ५१. पाळी जाऊन दीड वर्ष झाले. रात्री तीन-चार वेळा अंगातून वाफा निघतात, गाऊन घामाने भिजतो, झोप होत नाही. डॉक्टरांनी हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. पण माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी झाली होती. जाऊबाई म्हणतात, या गोळ्यांनी गुठळ्या होतातच. गोळ्या आणून कपाटात ठेवल्या आहेत. घेऊ का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, तूर्त त्या कपाटातच राहू द्या. डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि बहिणीचे सांगा. पहिल्या भेटीत ते राहून गेले असेल, तर आता औषधाचा प्रकार बदलावा इतके ते महत्त्वाचे आहे. उपचारच घेऊ नका, असे मात्र आम्ही म्हणत नाही. रात्रीची झोप न होणे हा काही किरकोळ त्रास नव्हे.

जाऊबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १६,६०८ बायकांपैकी काहींना इस्ट्रोजेन (बायकांचे मुख्य हॉर्मोन) आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनसारखे कृत्रिम औषध) एकत्र असलेली गोळी दिली होती, बाकीच्यांना औषध नसलेली. औषध नसलेल्या गटात वर्षाला दर १०,००० बायकांमागे १६ जणींना पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली, गोळीच्या गटात ३४ जणींना. म्हणजे धोका दुपटीहून वाढला, पण 'होतातच' असे नाही. वाढ हजारात दोनहूनही कमी. त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, तुमचे ५१ आहे. वय कमी तसा मुळातला धोकाही कमी. तुमच्या बाबतीत उलट बाजूला बहीण आहे. सख्ख्या नात्यात, तेही पन्नाशीच्या आत, कोणाला गुठळी झाली असेल तर तुमचा मुळातला धोका इतरांपेक्षा जास्त धरावा लागतो, आणि गोळी त्या जास्तीच्या धोक्यात भर घालते.

गोळीनेच असे का होते? तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून शोषले गेले की आधी सगळेच्या सगळे यकृतातून जाते. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतच बनवते. एकदम एवढे इस्ट्रोजेन मिळाल्यावर ते गोठवणारी प्रथिने जास्त बनवते, आणि गोठणे आवरणारी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस यांसारखी कमी पडतात. तेच इस्ट्रोजेन कातडीतून गेले तर थेट रक्तात मिसळते आणि यकृतावर तो मारा होत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गुठळीचा धोका सुमारे चौपट दिसला, कातडीवाटे घेणाऱ्यांत वाढ दिसली नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही गोळीने धोका दीडपटीहून अधिक आणि कातडीवाटे वाढ नाही, असेच आढळले. हे दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या नव्हेत. तरी दोन देशांतले निष्कर्ष आणि यकृताचे गणित एकाच दिशेला जातात, म्हणून आमचा कौल स्पष्टपणे कातडीला लावायच्या जेलच्या बाजूने आहे.

तेव्हा डॉक्टरांना विचारा : गोळीऐवजी इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) जेल आणि सोबत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (बारीक कण केलेले, शरीरातल्यासारखेच प्रोजेस्टेरॉन) चालेल का? पंपाच्या जेलमध्ये साधारणपणे एका दाबाला १.२५ ग्रॅम जेल येते आणि त्यात ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल असते. सुरुवात बहुधा रोज एक किंवा दोन दाबांनी होते. गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन टाळता येत नाही, कारण नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि पुढे कर्करोगाची भीती असते. पाळी जाऊन वर्ष उलटले असेल तर रोज रात्री १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल देतात. तिने थोडी गुंगी येते, म्हणून ती निजतानाच घ्यायची. फ्रान्सच्या त्याच अभ्यासात या प्रकारच्या प्रोजेस्टेरॉनने गुठळीचा धोका वाढलेला दिसला नाही. काही कृत्रिम प्रोजेस्टिनांनी तो वाढला होता.

आपल्या दमट हवेत जेल लावताना चूक होते ती घामामुळे. घामेजलेल्या दंडावर लावले की ते पसरते, पुसले जाते आणि 'औषधाचा गुणच नाही' अशी तक्रार येते. अंघोळीनंतर अंग नीट कोरडे करा, पंख्याखाली बसा, मग दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ थर द्या. चोळू नका. पाच मिनिटे वाळू द्या आणि तासभर तिथे पाणी लावू नका. स्तनांवर कधीही लावायचे नाही. त्या जागी खोबरेल किंवा क्रीम नको. हात साबणाने धुवा आणि नातवंडाला घ्यायचे असेल तर ती जागा झाकलेली ठेवा. पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची इस्ट्रोजेनची पट्टी, वापरणाऱ्यांना वैशाख-ज्येष्ठात तो सुटण्याचा त्रास जास्त होतो. तो कमरेखाली, कोरड्या कातडीवर तळहाताने दहा सेकंद दाबून बसवावा.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल एक सूचना. गुठळ्यांची आनुवंशिक प्रवृत्ती शोधणाऱ्या चाचण्या महाग आहेत आणि सरसकट करू नयेत. तुमच्या घरात इतिहास आहे, म्हणून रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घेणे योग्य. बहिणीची तपासणी झाली असेल तर तिचे कागद घेऊन जा. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असताना प्रोटीन एसची चाचणी फसवी येते, म्हणून गोळ्या सुरू करण्याआधीच विचारलेले बरे. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल किंवा पाळी गेल्यावर अंगावरून पुन्हा लाल जात असेल, तर जेलही परस्पर सुरू करायचे नाही. अशा वेळी वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन यांसारखी बिनहॉर्मोनची औषधे आहेत. गुण थोडा कमी येतो, पण गुठळीची भीती वाढत नाही.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो, गाव लांज्याजवळ. गौरी-गणपतीला पाळी येऊ नये म्हणून केमिस्टकडून गोळ्या आणून दरवर्षी घेते. आता वय ४७, पाळी कधीही येते, म्हणून यंदा पंधरा-वीस दिवस घ्याव्या लागतील. काही अपाय?
— एक वाचक

उत्तर : त्या गोळ्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतील. ५ मिलिग्रॅमची एक, दिवसातून तीन वेळा, पाळीच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करायची, अशी पद्धत आहे. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे नुसते प्रोजेस्टिन आहे असे समजून बिनधास्त दिले जाते. पण इतक्या मोठ्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायोल बनतो. गर्भनिरोधक गोळ्यांत असते तेच हे इस्ट्रोजेन. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतले तर ते २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गर्भनिरोधक गोळीइतके होते.

आता तुमचा प्रवास पाहा. चार तासांहून जास्त एका जागी बसल्याने गुठळीचा धोका वाढतो, आणि सणाच्या गर्दीत महामार्गावर दहा-बारा तास सहज जातात. वाटेत धड स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. गोळी, ४७ वय, लोंबते पाय आणि सुकलेले शरीर हे सगळे एकाच दिवशी एकत्र येते. वजन जास्त असेल, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा घरात कोणाला गुठळी झाली असेल, तर नॉरएथिस्टेरॉन घेऊच नका. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅमचा पर्याय आहे, त्याचे असे रूपांतर होत नाही, पण तोही डॉक्टरांना विचारूनच. पाळी पुढे ढकलावी की नाही, हा निर्णय तुमचा. आमचे म्हणणे एवढेच की तो केमिस्टच्या काउंटरवर घेऊ नये.

बसमध्ये दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असे वीसेक वेळा करा. गाडी थांबेल तिथे खाली उतरून चाला आणि पाणी पीत राहा. झोपेची गोळी घेऊन प्रवास करू नका. आणखी एक : ४७व्या वर्षी पाळी 'कधीही' येते, त्यात रक्तस्राव फार असेल किंवा मधेच डाग दिसत असतील, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहायला हवी. रक्तस्राव थांबवायची ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी अशा हॉर्मोनच्या गोळ्यांसोबत मनाने घेऊ नका.

प्रश्न : वय ५४, मासळी विकते, दिवसभर उभी असते. दोन महिन्यांपासून हॉर्मोनची गोळी चालू. चार दिवस डावी पोटरी सुजून दुखते. शेजारणी म्हणतात, निर्गुडीचे तेल गरम करून चोळ.
— एक वाचक, मालवण

उत्तर : (हे उत्तर पत्र मिळताच कळवले होते. इतरांच्या उपयोगासाठी छापत आहोत.) तेल लावू नका, चोळू नका, शेकू नका, कोणाला पाय दाबायला सांगू नका. गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गोळी आजपासून बंद करा आणि आजच दवाखान्यात जा. गोळीचा धोका पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत जास्त असतो. एकच पाय सुजणे हे महत्त्वाचे लक्षण. डाव्या पायात हे जास्त होते, कारण तिथली मोठी शीर ओटीपोटात उजव्या बाजूच्या धमनीखाली दबते.

टेप असेल तर गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर गुठळीचा संशय बळावतो. फरक कमी आला म्हणून मात्र घरी थांबायचे नाही. निदान होते ते शिरांच्या कलर डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने. जवळ ती सोय कुठे आहे, हे डॉक्टरांना फोन करून विचारा, म्हणजे हेलपाटा वाचेल. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसले किंवा भोवळ आली, तर १०८ला फोन करा. दुचाकीवर मागे बसून जाऊ नका.

किनारपट्टीवर सुजलेला पाय दिसला की हत्तीरोग म्हणून सोडून देतात. हत्तीरोगाची सूज महिनोन्‌महिने वाढते, चार दिवसांत नाही. दोन्ही घोटे सारखेच सुजले असतील तर बऱ्याचदा रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी कारण असते.

गुठळी निघाली तर रक्त पातळ करणारे औषध निदान तीन महिने घ्यावे लागते. सूज ओसरली म्हणून मधेच थांबवू नका. त्यापैकी वॉरफरिन दिले तर आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २ ते ३ च्या दरम्यान राहायला हवी. श्रावणात अळू, शेवग्याचा पाला एकदम रोज खाल्ला तर आयएनआर खाली येतो. पालेभाजी सोडू नका, फक्त आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवा.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी पायात गुठळी झाली होती. आता वय ५८. योनीमार्गात कोरडेपणा, जळजळ, वरचेवर लघवीचा संसर्ग. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचे क्रीम सांगितले. भीती वाटते.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : वापरा. योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या क्रीमने गुठळीचा धोका वाढत नाही. इस्ट्रायोलच्या (इस्ट्रोजेनचाच एक सौम्य प्रकार) क्रीमचे प्रमाण साधारणपणे असे : अर्धा ग्रॅम क्रीम, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम औषध, दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. बंद केले की त्रास परत येतो, म्हणून दीर्घकाळ चालू ठेवायचे असते. माहितीपत्रकात गोळ्यांसाठीच्या सूचना जशाच्या तशा छापलेल्या असतात, त्या वाचून घाबरू नका. जुन्या गुठळीचे डॉक्टरांना माहीत असले पाहिजे, एवढेच.

प्रश्न : हॉर्मोनच्या गोळीसोबत इकोस्प्रिन घेतली तर गुठळी टळते ना? पुढच्या महिन्यात गुडघ्याची शस्त्रक्रियाही आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, मुख्यतः धमन्यांतल्या गुठळीसाठी असते. शिरांमधल्या गुठळीवर हॉर्मोनचा उतारा म्हणून ती घेऊ नये, पोटात रक्तस्राव होण्याची भीती तेवढी वाढते. हृदयासाठी चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गुठळीचा धोका मुळातच मोठा असतो. तोंडाने घेतलेले हॉर्मोन आधी चार आठवडे थांबवायचा विचार करतात, म्हणून तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. हाडांच्या डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्यांना या आठवड्यातच गोळीचे पाकीट दाखवा.