हूड आणि बीएमएसचे आकडे जुळत नाहीत? के-फॅक्टर राहू द्या, आधी ट्रॅव्हर्स घ्या

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या वेर्ण्याच्या प्लांटमध्ये एका एएचयूचा (थंड हवा पुरवणाऱ्या युनिटचा) सप्लाय बीएमएसवर, म्हणजे इमारतीच्या कंट्रोल सिस्टीमवर, ४१५० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) दिसतो आणि दहा डिफ्यूझरांवर (सीलिंगमधल्या हवेच्या जाळ्यांवर) हूड, म्हणजे फ्लो मोजणारी टोपी, लावून केलेली बेरीज ३६५० येते. बीएमएसचा के-फॅक्टर (प्रेशरवरून फ्लो काढणारा गुणक) उतरवून आकडे जुळवायचे का?

नाही. हूडवर प्रमाणपत्राचा स्टिकर आहे म्हणून तो न्यायाधीश होत नाही. हूड डिफ्यूझरवर थोडा अडथळा आणतो, शिवाय फ्लो स्टेशन (बीएमएसला आकडा देणारं डक्टमधलं सेन्सर) आणि डिफ्यूझर यांच्यामध्ये गळणारी हवा त्याला दिसतच नाही. दोघांच्या भांडणात तिसरा लागतो, तो म्हणजे पिटो ट्यूबचा ट्रॅव्हर्स: हवेच्या वेगाचा दाब पकडणारी ही नळी डक्टच्या छेदात अनेक पॉइंटवर धरून सरासरी वेग काढायचा. आणि साइटवर आपण करतो ती पडताळणी. उपकरणाचं कॅलिब्रेशन एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबकडून करून घ्यायचं, हा फरक ऑडिटर बरोबर पकडतो.

सुरुवात मॅनोमीटरपासून, म्हणजे पिटोचा दाब वाचणाऱ्या मीटरपासून. जुलैत एसी ऑफिसातून उपकरण थेट प्लांटरूममध्ये नेलं की ट्यूबमध्ये पाणी धरतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्या. मग दोन्ही पोर्ट एकाच ट्यूबने जोडून झिरो करा. पोर्ट पंख्याच्या वाऱ्यात उघडे ठेवून केलेला झिरो भरवशाचा नसतो. त्यानंतर टी आकाराचा जोड, सिरिंज आणि पाण्याची यू-ट्यूब जोडून २५ मिमी दाब द्या. मॅनोमीटरवर २४५ पास्कलच्या आसपास आकडा हवा आणि मिनिटभर तो घसरता कामा नये. घसरला तर ट्यूब किंवा जोड गळतोय. यातून ढोबळ चूक सापडते, बारीक नाही. यू-ट्यूबवर अर्धा मिमी चुकून वाचलं की ५ पास्कल गेले.

हे ५ पास्कल किती महाग पडतात पाहा. ३ मीटर प्रति सेकंद वेगाला व्हेलॉसिटी प्रेशर (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) जेमतेम ५.४ पास्कल असतं. तिथे झिरो १ पास्कलने सरकला तर वेग ९ टक्क्यांच्या आसपास चुकतो. ८ मीटरला तीच चूक सव्वा टक्क्याची. म्हणून ट्रॅव्हर्स मेन डक्टमध्ये, वेग जास्त असेल तिथे घ्या. एल्बोनंतर डक्टच्या साडेसात व्यासांइतकी सरळ लांबी मिळाली तर उत्तम. प्लांटरूममध्ये ती क्वचितच मिळते. मग पॉइंट वाढवा आणि अनिश्चितता रिपोर्टमध्ये लिहा.

समजा डक्ट आतून ६०० × ४५० मिमी आहे. ४५० च्या बाजूला ३३, १३०, २२५, ३२० आणि ४१७ मिमीवर भोकं पाडायची. प्रत्येक भोकातून पिटो ४४, १७३, ३००, ४२७ आणि ५५६ मिमी आत, असे एकूण २५ पॉइंट. पिटोवर टेपच्या खुणा करताना बाहेरच्या इन्सुलेशनची जाडी मिळवायला विसरू नका. आणि डक्टला आतून २५ मिमी अकुस्टिक लायनिंग असेल तर क्षेत्रफळ ०.२७ नव्हे, ०.२२ चौरस मीटर धरा. ड्रॉइंगवरचं माप तसंच घेतलं की फ्लो २३ टक्के फुगतो. भांडणाचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

प्रत्येक पॉइंटचं प्रेशर आधी वेगात बदला (वेग = १.२९ गुणिले प्रेशरचं वर्गमूळ), मगच सरासरी काढा. ४ आणि ३६ पास्कलची सरासरी २० धरली तर वेग ५.७७ येतो, खरा मध्य ५.१६ आहे. कॅल्क्युलेटरवर घाई केली की बारा टक्के असे हवेत तयार होतात.

१.२९ गुणिले वर्गमूळ हे सूत्र १.२ किलो प्रति घनमीटर घनतेसाठी आहे. गोव्याच्या ३२ अंश, ८० टक्के आर्द्रतेच्या फ्रेश एअर डक्टमध्ये घनता १.१४ च्या आसपास येते, तिथे १.२९ ऐवजी १.३२ घ्या. कॉइलनंतरच्या थंड सप्लायमध्ये हा फरक एक टक्क्याच्या आतबाहेर असतो, सोडून दिला तरी चालेल. हॉटवायर (तापलेल्या तारेने वेग मोजणारं उपकरण) मात्र बहुधा स्टँडर्ड हवेचा वेग दाखवतो. तिथे दुरुस्ती वर्गमूळाने नाही, सरळ घनतेच्या गुणोत्तराने करायची. पिटो एस टाइपचा असेल तर गुणांक ०.८४ च्या आसपास असतो, सेटिंगमध्ये १ ठेवून मोजू नका.

आता ट्रॅव्हर्सचा सरासरी वेग ६.७ आला असं धरू. ०.२७ चौरस मीटरच्या डक्टमध्ये म्हणजे ३८३३ सीएफएम. बीएमएस ८ टक्के जास्त दाखवतो आणि हूडची बेरीज ५ टक्के कमी. दोघेही थोडे थोडे चुकलेले. हूडचे ते ५ टक्के लगेच त्याच्या माथी मारू नका. फ्लेक्सिबल डक्टचे क्लॅम्प आणि प्लेनमचे (डिफ्यूझरमागच्या पेटीचे) जोड आधी तपासा. हूडचा करेक्शन फॅक्टर काढायचाच असेल तर एकच डिफ्यूझर असलेल्या, सील केलेल्या फांदीवर काढा, आणि तो त्याच प्रकारच्या डिफ्यूझरपुरता वापरा.

स्टेशनचा के बदलण्याआधी त्याच्या सेन्सिंग ट्यूबांची भोकं साफ करून पुन्हा वाचा. तरीही फरक राहिला तर के ला ३८३३ भागिले ४१५०, म्हणजे ०.९२४ ने गुणा. पण तुमच्या कंट्रोलरमध्ये दुरुस्ती प्रेशरच्या स्पॅनवर (मोजपट्टीच्या पल्ल्यावर) असेल तर या आकड्याचा वर्ग, ०.८५ लागेल. बदल केल्यावर पंख्याचा वेग कमी-जास्त करून आणखी दोन फ्लोवर तपासा. एका फ्लोवर जुळतं आणि कमी फ्लोवर बिघडतं, तेव्हा दोष स्टेशनचा दाब वाचणाऱ्या ट्रान्समीटरच्या झिरोचा असतो. तो के ने सुधारणार नाही.

काम झालं की भोकांना रबर प्लग बसवा आणि इन्सुलेशनचं व्हेपर बॅरियर (बाष्प अडवणारं आवरण) टेपने नीट बंद करा. उघडं राहिलं तर पावसाळ्यात तिथूनच सीलिंगवर पाणी ठिबकेल.