बदनाम झालेली जुनी मशीनगन सुधारून पुन्हा सैन्यात घेता येते का?

तुमचा प्रश्न असा आहे, की व्हिएतनाम युद्धापासून शिव्या खात आलेली अमेरिकेची एम60 डेन्मार्कने 2014 मध्ये 'एम60ई6' या रूपात का निवडली? इतके दोष होते तर ती सरळ मोडीत का निघाली नाही?

मी सैन्यातला नाही. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढणं हे माझं काम. त्या नजरेने बघितलं तर या बंदुकीची मूळ कल्पना फसलेली नव्हती. कोणता भाग कशाला जोडायचा, तिथे घोळ झाला होता.

बॅरलचंच बघा. सतत मारा केला की बॅरल भयंकर तापते, ती बदलावीच लागते. 1957 मध्ये स्वीकारलेल्या मूळ एम60 मध्ये बायपॉड, म्हणजे पुढचे दोन पाय, आणि गॅसचा सिलिंडर, म्हणजे गोळीमागच्या गॅसच्या दाबाने पुढची गोळी भरायची यंत्रणा हलवणारा भाग, हे दोन्ही बॅरललाच जोडलेले. बॅरल काढली की पायही गेले! मग एकाने बंदूक हातात तोलून धरायची आणि दुसऱ्याने ॲस्बेस्टॉसचा हातमोजा चढवून ती तापलेली बॅरल ओढून काढायची, कारण तिला धरायला मूठच नव्हती. गोळीबार चालू असताना, चिखलात, तो हातमोजा कुठे पडलाय ते शोधायचं. जादा बॅरल सोबत न्यायची म्हणजे जादा पाय आणि जादा सिलिंडरही पाठीवर आलाच. पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, तीही बॅरलवर पक्की बसवलेली, त्यामुळे बॅरल बदलली की नेमात फरक पडायचा. साडेदहा किलोच्या या बंदुकीला सैनिक 'डुक्कर' म्हणत, ते उगीच नाही.

बाकीचे दोष याच जातीचे. चापाचा अख्खा जुडगा एका पट्टीवजा स्प्रिंगने अडकवलेला. ती कशात अडकून निसटली की जुडगा हातात, म्हणून लोक तो तारेने बांधून ठेवत. गॅस सिलिंडरचे नट हादऱ्यांनी सैल व्हायचे, त्यांनाही तार. गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या बोल्टला मागे अडवून धरणारी खाच, म्हणजे सिअर, झिजली तर चाप सोडल्यावरही बंदूक थांबायची नाही, गोळ्यांचा पट्टा पिरगाळून तिचं तोंड बंद करावं लागे.

मला सर्वांत भिडतो तो त्या सिलिंडरमधला गॅसचा पिस्टन. तो उलटा बसू शकायचा, आणि तसा बसला की एक गोळी सुटून बंदूक गप्प. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पंपाच्या झडपेतला एक छोटा दट्ट्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच काढला होता. फिटरने तो उलटा बसवला, पंप दिवसभर बंद राहिला, आणि मी 'ड्रॉइंग नीट वाचायचं ना' असं म्हणालो. आमच्या साहेबांनी तो दट्ट्या माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून बसवायला सांगितलं. मीही उलटाच बसवला. थकलेल्या, झोप न झालेल्या माणसाच्या हातून हे होणारच, हे ड्रॉइंग काढणाऱ्यानेच धरून चालायला हवं.

ऐंशीच्या दशकात एम60ई3 आली. पाय बॅरलवरून बंदुकीच्या अंगावर गेले, बॅरलला मूठ मिळाली, पुढची साइट सरकवता येऊ लागली, तारेने बांधायचे नट गेले. वजनही नऊ किलोच्या आत आलं. पण वजन उतरवण्यासाठी बॅरलच बारीक केली, आणि ती सलग माऱ्यात तग धरेना. म्हणजे जुना आजार बरा करताना नवा लावून घेतला. नव्वदच्या दशकातल्या ई4 मध्ये बॅरलला पुन्हा अंग भरलं. अमेरिकी नौदलाच्या सील या कमांडो पथकांनी ती 'मार्क 43' या नावाने वापरली.

अमेरिकी भूदल मात्र थांबलं नाही. त्यांनी बेल्जियमच्या एफएन मॅग या मशीनगनवर आधारलेली एम240 घेतली, जी एम60 पेक्षा दोनेक किलोंनी जडच आहे. भरवशासाठी त्यांनी ते ओझं पत्करलं, आणि पुढे तेच ओझं उतरवायला टायटॅनियम वापरून एम240एल काढावी लागली. माझ्या मते एवढ्या वर्षांच्या शिव्यांनंतर सैनिकांचा एम60 या नावावरचाच विश्वास उडाला होता, आणि तो कुठलाही सुटा भाग बदलून परत येत नसतो.

डेन्मार्कला ती अडचण नव्हती. त्यांच्याकडे होती मिनिटाला हजाराच्या वर गोळ्या झाडणारी जड एम/62. सुधारलेली ई6 साधारण सव्वानऊ किलोची, गोळ्यांचा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास. पायी चालणाऱ्या एका माणसाला झेपेल अशी. गंमत अशी की एम/62 ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एमजी42 मशीनगनचीच वंशज, आणि एम60 ची पट्टा ओढायची यंत्रणाही एमजी42 वरूनच उचललेली आहे.